‘डॉन किहोते’तील शीण आणि उबग

अभिजात ग्रंथांवर कधीकधी एक विचित्र आपत्ती ओढवते. त्यांतील एखादा प्रसंग इतका लोकप्रसिद्ध होतो की उरलेला ग्रंथ त्याच्या आड दिसेनासा होतो. मिगेल दे सेर्वांतेस याच्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीचे नेमके असेच झाले आहे. इंग्रजी वळणाच्या ‘डॉन क्विक्झोट’ या नावाने ती मराठी वाचकास ठाऊक असते. पण ठाऊक असते म्हणजे काय, तर पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांवर भाला रोखणारा एक वेडा सरदार ठाऊक असतो. हा प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात आटोपतो. १६०५ साली निघालेल्या पहिल्या भागाची प्रकरणे ५२ आणि १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागाची ७४. म्हणजे एकूण १२६ प्रकरणांपैकी पहिल्या आठांवरच या ग्रंथाची जगभरची ख्याती उभी आहे. पदव्युत्तर वर्गांतूनही संक्षिप्त आवृत्तीवर भागवले जाते, आणि संक्षेप करणाऱ्याचा हात सर्वांत आधी पडतो तो दुसऱ्या भागावर. त्यामुळे जे गळते ते केवळ काही प्रसंग नव्हेत. या कादंबरीचा एक मूलभूत विषयच गळतो. तो विषय म्हणजे थकणे.

किहोते थकतो, ही गोष्ट नवी नाही. मार खाणारा, उपाशी राहणारा, रात्र रात्र जागणारा पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस थकणारच. प्रश्न असा आहे की त्याला मारतो तो हाच थकवा काय? सर्वसाधारण समजूत तशी आहे: स्वप्नांच्या मागे धावून धावून तो थकला, हरला आणि घरी येऊन मेला. मूळ ग्रंथाची साक्ष मात्र याच्या उलट पडते. वाटेवरचा थकवा किहोतेला जगवतो. त्याचा घात होतो तो विश्रांतीत. हा भेद स्पॅनिश वाचकाच्या नजरेतून निसटण्याचा संभव आहे, कारण त्याच्या भाषेत दोन्ही अवस्थांना पुष्कळदा एकच शब्द पुरतो. मराठी वाचकाला तो सहज दिसावा, कारण त्याची भाषा येथे फार काटेकोर आहे.

थकव्याचे मराठीतील शब्द मोजू गेल्यास यादी लांबेल: शीण, थकवा, ग्लानी, कंटाळा, वीट, उबग, वैताग, बेजारी. नांदेड-लातूरकडच्या बोलण्यात यांच्या जोडीला ‘हैराण’ आणि ‘कदरणे’ हेही सर्रास ऐकू येतात. या शब्दांचे अर्थ कोशात एकमेकांशेजारी बसलेले दिसतात. पण ते कोणत्या क्रियापदाशी संसार करतात हे पाहिले म्हणजे त्यांच्या जाती निराळ्या असल्याचे ध्यानात येते. शीण ‘उतरतो’, शीण ‘घालवता येतो’, शीण ‘निघून जातो’. पायांना कढत पाणी मिळाले, घटकाभर पाठ टेकली की शीण गेला. उबग किंवा वीट ‘येतो’. पण उबग ‘उतरला’ असे कोणी म्हणत नाही. उबगाचे नाते संस्कृत ‘उद्वेगा’शी आहे, आणि उद्वेगावर कढत पाण्याचा इलाज नाही. शिणात उतार गृहीत असतो, म्हणजे आधी चढ चढलेला असतो; उबगाला चढही नाही आणि उतारही नाही. ‘भागणे’ हे क्रियापद तर याहून विलक्षण. माणूस थकला-भागला म्हणजे गळून गेला; पण तहान भागली, भूक भागली म्हणजे ती पुरी झाली. थकणे आणि तृप्त होणे यांना एकाच ध्वनिरूपात नांदू देणारी भाषा श्रमाकडे कोणत्या नजरेने पाहत आली असेल, याचा विचार व्हावयास हवा. ज्या समाजात शेकडो मैल पायी चालून पंढरीस जाणे ही सुखाची गोष्ट मानली जाते, त्याला चालण्याचा शीण आणि जगण्याचा उबग यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

स्पॅनिशमध्ये ‘कान्सार’ हे क्रियापद दोन्हीकडे वापरतात: पायांनी थकणे आणि एखाद्या गोष्टीस विटणे. ‘तेदिओ’, ‘आस्तीओ’ असे केवळ उबगाचे शब्दही त्या भाषेत आहेत. शिवाय एक तिसरा शब्द आहे, आणि तो या कादंबरीच्या पहिल्या भागात पुन्हा पुन्हा येतो: ‘मोलीदो’. त्याचा मूळ अर्थ ‘दळलेला’. मार खाऊन वा श्रमून अंगाचे पीठ झालेला मनुष्य तो मोलीदो. मराठीतील ‘भरडून निघणे’ त्याच्या अगदी जवळचे आहे. चक्कीला स्पॅनिशमध्ये ‘मोलीनो’ म्हणतात, म्हणजे धातू एकच. किहोते ज्या चक्क्यांवर चालून जातो त्या चक्क्यांच्या नावातच त्याच्या थकव्याचे नाव आहे. सेर्वांतेसने हे जाणूनबुजून साधले की भाषेनेच त्याला देऊ केले, हा वाद घालण्यात हशील नाही. ते ग्रंथात आहे, एवढे पुरे.

पहिल्या भागातील थकवा हा असा दळलेल्या अंगाचा थकवा आहे. यांग्वासच्या घोडेवाल्यांनी काठ्यांनी बडवले, सांचोला खाणावळीत घोंगडीत घालून उडवले, मेंढपाळांनी गोफणीच्या दगडांनी किहोतेचे दात पाडले. दर प्रकरणागणिक नवा मार आणि दर प्रकरणाअखेर पुढची वाट. याच मालिकेत, १९व्या प्रकरणात, एक लहानसा संवाद आहे. रात्रीच्या काळोखात मशाली घेऊन प्रेत नेणाऱ्या धर्मगुरूंच्या तांड्यावर किहोते तुटून पडतो आणि त्यांना उधळून लावतो. त्या वेळी सांचो आपल्या धन्याला ‘दुर्मुखलेला सरदार’ अशा अर्थाचे नाव देतो. हे नाव कसे सुचले असे धनी विचारतो, तेव्हा सांचोचे उत्तर असे की, मशालीच्या उजेडात तुमचा चेहरा पाहिला, इतके वाईट रूप कधी पाहिले नव्हते. एक तर हा लढाईचा शीण असेल, नाही तर दात पडल्याचा परिणाम. मूळात येथे ‘कान्सान्सिओ’ हाच शब्द आहे. किहोतेला जगात ज्या बिरुदाने ओळखतात त्या बिरुदाचा जन्म असा शिणातून झाला आहे, दुःखातून नव्हे. पुढे स्वच्छंदतावादी युगातील वाचकांनी त्या ‘दुर्मुखलेपणात’ आत्म्याची वेदना पाहिली. नाव ठेवणाऱ्याला मात्र समोर एक दमलेला, बोळका माणूस दिसत होता. किहोते ते नाव तत्काळ स्वीकारतो, ढालीवर तसे चित्र काढून घेण्याच्या गोष्टी करतो. शीण त्याला लाजिरवाणा वाटत नाही. ती त्याची कमाई आहे.

येथे आक्षेप निघेल की हा सर्व विनोद आहे, त्यात एवढे काय शोधावयाचे? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. एरिच आउअरबाखने किहोतेच्या वेडात शोकांतिका पाहण्यास नकार दिला होता, आणि १९६९ साली पी. ई. रसेल यांनी या ग्रंथाचे पहिले वाचक त्यास विनोदी ग्रंथ म्हणूनच वाचत होते याची आठवण साधार करून दिली. उलट बाजूस नाबोकोव्हने १९५२ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत या ग्रंथातील क्रौर्यावर बोट ठेवले आणि किहोतेच्या जय-पराजयांचा हिशेबच मांडला. या दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे: दोघेही मारणाऱ्याकडे आणि हसणाऱ्याकडे पाहतात. मार खाल्ल्यानंतर उठून बसणाऱ्याकडे त्यांचे लक्ष त्यामानाने कमी आहे. विनोद खरा, क्रौर्यही खरे; पण थकव्याचा धागा दोहोंच्या खालून जातो आणि हसण्याने तो तुटत नाही.

आता आरंभाकडे पाहावे. घर सोडण्यापूर्वी हा ला मांचा प्रांतातील हिदाल्गो, म्हणजे खालच्या पायरीचा सरदार-जमीनदार, काय करीत होता? लेखक सांगतो की तो वर्षाचा बहुतेक काळ रिकामा असे, आणि त्या रिकामपणात शिलेदारीच्या कादंबऱ्या वाचीत असे. ग्रंथाच्या प्रस्तावनेतील पहिले संबोधनही ‘रिकामटेकड्या वाचका’लाच आहे. रिकामा नायक, रिकामा वाचक. आणि प्रस्तावना लिहिता येईना म्हणून लेखणी कानावर खोचून, कोपर मेजावर टेकून, गाल हातावर ठेवून बसलेला लेखक. ग्रंथाच्या उंबरठ्यावर ही तीन बसलेली माणसे आहेत. त्यांच्यापैकी एक उठतो आणि चालू लागतो, तेव्हा कादंबरी सुरू होते. मराठीत ‘वैताग’ या शब्दाला संसार टाकून निघून जाण्याची जुनी छटा आहे. वैतागून माणूस घराबाहेर पडत असे. किहोतेचे निघणे वेडाचे खरेच, पण त्या वेडाच्या मुळाशी असा एक वैतागही आहे. थोडी झोप आणि फार वाचन यांमुळे त्याचा मेंदू सुकला, असे निदान लेखक त्या काळच्या देहधातूंच्या वैद्यकाप्रमाणे करतो. झोपेचा हा तपशील पुढे लागणार आहे.

घरी परतल्यावर काय होते, हेही ग्रंथात नोंदलेले आहे. दुसरी फेरी संपते तेव्हा त्याला बैलगाडीवरील पिंजऱ्यात घालून गावी आणतात. दुसरा भाग उघडतो तेव्हा जवळजवळ महिना लोटलेला आहे. भाची आणि घर सांभाळणारी बाई त्याला पौष्टिक खाऊ-पिऊ घालीत आहेत. पाद्री आणि न्हावी भेटीस जातात आणि त्यांना दिसतो तो बिछान्यावर बसलेला, ममीसारखा वाळून गेलेला किहोते. काठ्यांनी जे केले नाही ते महिनाभराच्या शुश्रूषेने केले. याला अपवाद म्हणून पहिल्या फेरीनंतरचे दिवस दाखवता येतील. तेव्हा तो पंधरा दिवस घरी अगदी शांत होता. पण ते दिवस विश्रांतीचे नव्हतेच. त्या पंधरवड्यात तो सांचोला बेटाच्या सुभेदारीचे आमिष दाखवून फितवीत होता, वस्तू विकून आणि गहाण टाकून पैसा उभा करीत होता. त्याची वाट सुरू झालेली होती, पाय तेवढे घरात होते.

दुसऱ्या भागाचा मोठा मधला पट्टा, सुमारे ३०व्या प्रकरणापासून ५७व्यापर्यंत, ड्यूक आणि डचेस यांच्या वाड्यात घडतो. समीक्षकांनी या भागाला लांबण म्हटले आहे, आणि वाचताना तसे वाटतेही. एकामागून एक रचलेल्या थट्टा, नटवलेले प्रसंग, सेवकांचे सोंग. या पानांत वाचक खरोखरच थकतो. तथापि थकव्याच्या दृष्टीने पाहिल्यास हा पट्टा ग्रंथाचा कणा ठरतो. येथे किहोतेला मऊ बिछाना आहे, पंचपक्वान्ने आहेत, मान आहे. त्याने आयुष्यभर जे मागितले ते सर्व त्याला खोट्या नाण्यात दिले जात आहे. सांचो बेटावर निघून जातो त्या रात्रीचा प्रसंग (प्रकरण ४४) सर्व ग्रंथात एकाकी आहे. किहोते आपल्या दालनात एकटाच कपडे उतरवतो, आणि त्याच्या मोज्याचे टाके उसवतात. शिवावयास हिरवा रेशमी दोरा जवळ नाही. राक्षसांपुढे न डगमगलेला हा माणूस उसवलेल्या मोज्याने खचतो. लेखक येथे सरदारी दारिद्र्यावर चार शब्द बोलतो आणि किहोते सांचोच्या आठवणीने खिन्न होऊन अंथरुणावर पडतो. त्याच्या अंगाला त्या दिवशी एक ओरखडाही नाही. हा शीण नव्हे; उबगाचे हे पहिले पाऊल आहे. त्यानंतर थट्टेखातर खोलीत सोडलेली मांजरे त्याचे नाक ओरबाडतात आणि त्याला पाच दिवस बिछान्यात पडून राहावे लागते. बरा होताच त्याच्या मनात येते की या वाड्यातील आळशी जिणे आपल्या धर्माविरुद्ध आहे. आणि वाड्याबाहेर मोकळ्या माळावर पाऊल पडताच तो स्वातंत्र्याविषयी बोलू लागतो. त्याचे ते भाषण स्पेनमध्ये राजकीय अर्थाने पुष्कळ वापरले गेले. संदर्भात ठेवून वाचले तर ते मेजवान्यांतून सुटलेल्या माणसाचे भाषण आहे.

वाड्यात शिरण्यापूर्वी, २९व्या प्रकरणात, आणखी एक चक्कीचा प्रसंग आहे, आणि या ग्रंथाच्या अभ्यासकाने दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. एब्रो नदीकाठी एक रिकामी नाव दिसते. ती मंतरलेली असून संकटातील कोणा सरदाराच्या सुटकेसाठी आली आहे, अशा समजुतीने किहोते सांचोसह तीत बसतो. नाव प्रवाहाबरोबर पाणचक्क्यांच्या चाकांकडे ओढली जाते. पिठाने पांढरी तोंडे झालेले चक्कीवाले काठ्यांनी ती अडवतात. नाव फुटते, दोघे पाण्यात पडतात आणि बाहेर काढले जातात. कोळ्यांना नावेचे पन्नास रेआल भरून द्यावे लागतात. पवनचक्कीच्या वेळी काय झाले होते? तेव्हा पाते लागून किहोते घोड्यासह दूर फेकला गेला होता. तरी एका जादूगाराने राक्षसांच्या चक्क्या केल्या, असे स्पष्टीकरण देऊन तो पुन्हा खोगिरावर चढला होता. येथे मार जवळजवळ नाही, केवळ भिजणे आहे. स्पष्टीकरणही तयार आहे: दोन जादूगार एकमेकांविरुद्ध काम करीत असावेत. पण या वेळी स्पष्टीकरणाने बळ येत नाही. हे सगळे जगच परस्परविरोधी कारस्थानांचे झाले आहे असे तो म्हणतो आणि आपल्याच्याने आता होत नाही, अशी तीन-चार शब्दांची कबुली देतो. सबंध ग्रंथातील सर्वांत थकलेले वाक्य हे आहे आणि ते हाडे मोडल्यावर येत नाही, ओल्या कपड्यांत येते. पहिल्या चक्कीने त्याला दळले. दुसरीने त्याला पुरते शिवलेही नाही.

किहोतेच्या या चढत्या उबगाशेजारी सेर्वांतेसने सांचोचा शीण ठेवला आहे. ही जोडरचना फार सूक्ष्म आहे. सांचोला बेटाची सुभेदारी मिळते, ती सात दिवस टिकते. त्या सात दिवसांत एक वैद्य आरोग्याच्या नावाखाली त्याच्या पुढची ताटे उचलतो, आणि शेवटच्या रात्री लुटुपुटीच्या हल्ल्यात त्याला दोन ढालींमध्ये बांधून तुडवतात. शुद्धीवर आल्यावर तो काही बोलत नाही. कपडे करतो, हळूहळू तबेल्यात जातो, आपल्या गाढवाला मिठी मारून त्याच्या कपाळाचा मुका घेतो, आणि खोगीर चढवतो. सुभेदारीचा त्याला वीट आला आहे, पण जगण्याचा नाही, कारण परतावयास त्याच्यापाशी एक काम आहे: विळा, द्राक्षांचे मळे, गाढव. पुढे ६८व्या प्रकरणात हाच सांचो झोपेचा शोध लावणाऱ्याला दुवा देतो. राजा आणि धनगर यांना झोप सारख्याच मोलाची, तिच्यात एकच खोट की ती मरणासारखी दिसते, अशा आशयाचे त्याचे ते बोलणे आहे. दिवसभर शिणलेल्यालाच झोपेची अशी स्तुती सुचते. त्याच रात्री डुकरांचा कळप दोघांना तुडवून जातो आणि सांचो तलवार मागतो, तेव्हा किहोते म्हणतो, जाऊ दे, हरलेल्या सरदाराला हेच योग्य. आठव्या प्रकरणातील किहोतेने त्या डुकरांत एखादे सैन्य पाहिले असते.

पराजय बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर झालेला असतो. ‘शुभ्रचंद्राचा सरदार’ बनून आलेला सान्सोन कार्रास्को हा त्याच्याच गावचा पदवीधर. त्याचा हेतू चांगला आहे, त्याला किहोतेला बरे करावयाचे आहे. आणि त्याचे औषध म्हणजे सक्तीची विश्रांती: एक वर्ष गावात राहावयाचे, शस्त्र धरावयाचे नाही. परतीच्या वाटेवर किहोते अजून धडपडतो. ते वर्ष मेंढपाळ होऊन रानात घालवावे, नवी नावे घ्यावीत, असा बेत तो करतो. म्हणजे घरात बसणे टाळण्याची आणखी एक वाट शोधतो. पण गावात पाऊल टाकताच त्याला अपशकुन दिसू लागतात आणि घरी पोहोचल्यावर तो स्वतःच म्हणतो की मला अंथरुणावर न्या, बरे वाटत नाही.

शेवटच्या प्रकरणातील वैद्याचे निदान शब्दशः महत्त्वाचे आहे. ज्वर सहा दिवस हटत नाही. वैद्य नाडी पाहतो आणि दोन गोष्टी त्याला संपवीत आहेत असे सांगतो. एक विषण्णता आणि दुसरी ‘देसाब्रीमिएन्तोस’. हा दुसरा शब्द भाषांतरकारांच्या हातून हमखास निसटतो. कोणी त्याला निराशा म्हणतो, कोणी कटकटी. त्याच्या पोटात ‘साबोर’, म्हणजे चव, हा शब्द आहे. चव गेलेली अवस्था ती देसाब्रीमिएन्तो. मराठीत तोंडची चव जाते, जिणे अळणी होते, जेवणाचा आणि जगण्याचा वीट एकाच शब्दाने येतो. येथे मराठी भाषांतरकाराच्या हाती जे आहे ते इंग्रजी भाषांतरकाराच्या हाती नव्हते. श्रमाने माणूस मेला असे वैद्य म्हणत नाही. चव गेल्याने मेला, असे म्हणतो. ज्याचा मेंदू झोपेवाचून सुकला होता तो त्या दिवशी एका दमात सहा तासांहून अधिक झोपतो, शहाणा होऊन उठतो, आपले नाव आलोन्सो किहानो असे सांगतो, मृत्युपत्र करतो आणि त्यानंतर तीनच दिवस जगतो. विश्रांती पूर्ण झाली, शहाणपण आले. जगण्याचे कारण मात्र उरले नाही.

सांचोचा विलाप याच ठिकाणी आहे. रडत रडत तो धन्याला सांगतो की, कोणी मारल्यावाचून, केवळ खिन्नतेच्या हातून मरणे हाच माणसाने करावयाचा सर्वांत मोठा वेडेपणा. आळस करू नका, उठा, ठरल्याप्रमाणे मेंढपाळ होऊन रानात जाऊ. विद्वानांच्या दृष्टीने येथे सांचो ‘किहोते’ झाला आहे, धन्याचे वेड त्याने घेतले आहे. हे मत सुंदर आहे, पण अर्धेच खरे वाटते. सांचो कुणबी आहे, आणि त्याच्या अनुभवात अंथरुणावर पडलेल्या धडधाकट माणसाला एकच नाव आहे: आळशी. मरणासन्न धन्याच्या उबगाला तो शीण समजतो आणि शिणावरचा उपाय सुचवतो. त्याची चूक शब्दाची आहे, आणि ती चूक हृदयद्रावक आहे.

हा भेद मराठी कादंबरीत पारखून पाहता येतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) पंचवीस वर्षांचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकावयास जातो आणि काहीच हाती न लागता परत येतो. मराठीतील कंटाळ्याची ही सर्वांत प्रसिद्ध कादंबरी. तिच्या निवेदनात पुन्हा पुन्हा येणारे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत: ‘वगैरे’ म्हणणारा वाक्य पुरे करण्याचा कंटाळा करतो, ‘उदाहरणार्थ’ म्हणणारा कोणत्याही एका गोष्टीवर ठाम उभा राहत नाही. पांडुरंगाच्या कंटाळ्याला आधीचा शीण नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या ठिकाणी हा कंटाळा फाटतो आणि दुःख उघडे पडते. किहोते घरी येऊन मरतो. पांडुरंग घरी येऊन राहतो, आणि ही शिक्षा कमी म्हणता येणार नाही.

लातूरच्या भूमीतून आलेले उदाहरण याहून सेर्वांतेसला जवळचे आहे. काटगाव येथे १९४० साली जन्मलेले आणि २०२५ साली निवर्तलेले रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी गावातील शिंप्याच्या बायकोने मराठवाड्याच्या बोलीत सांगितलेली आहे. ग्रामीण कादंबरीवरील चर्चेत दारिद्र्य, शोषण, बदलता गाव या अंगांनी तिचा विचार झाला आहे आणि तो रास्त आहे. पण थकव्याच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर दिसते की, शिवणकामाचा शीण या घराला कधीच जड झालेला नाही. शीण म्हणजे काम आहे आणि काम म्हणजे मान आहे. वाताहत सुरू होते ती कामाचा आणि मानाचा आधार सुटू लागल्यावर. शीर्षकातील पाचोळा वाऱ्यावर उडतो तो हलका झाल्यामुळे. ओल होती तोवर तो झाडाला धरून होता. प्रमाण भाषेत ही कथा सांगितली असती तर ‘विफलता’, ‘नैराश्य’ असले शब्द अटळपणे आले असते आणि शीण व उबग यांची सरमिसळ झाली असती. बोलीने ती होऊ दिली नाही.

बोलीचा विषय निघाला म्हणून एक साम्य नोंदवावे. स्पॅनिश भाषेने आठव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अरबीचा शेजार भोगला. मराठवाड्याची मराठी १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली फारसी-उर्दूच्या शेजारात होती. स्पॅनिश ‘मेस्कीनो’ आणि मराठी ‘मिस्किन’ हे एकाच अरबी शब्दाचे दोन वंशज आहेत. ‘हैराण’ अरबीतून आणि ‘बेजार’ फारसीतून आला. सेर्वांतेसने तर आपला सगळा ग्रंथच सिदे आमेते बेनेन्गेली या काल्पनिक अरब इतिहासकाराच्या नावावर घातला. त्या ‘सिदे’त जंजिऱ्याच्या सिद्दीला आपले नाव ओळखू यावे. तोलेदोच्या बाजारात अरबी बाडे सापडली आणि एका मोरिस्कोने मनुके व गहू यांच्या मोबदल्यात दीड महिन्यात ती भाषांतरित केली, असे तो सांगतो. म्हणजे हा ग्रंथ जन्मतःच भाषांतर म्हणून वावरतो. १९३० नंतरच्या दशकात काश्मीरमधील पंडितांनी जार्व्हिसच्या इंग्रजी अनुवादावरून त्याच्या काही प्रकरणांचे संस्कृत भाषांतर केले, हेही या परंपरेस शोभणारेच. मराठीत मूळ स्पॅनिशवरून संपूर्ण १२६ प्रकरणे पारखून घेणाऱ्यापुढे अडचणी पुष्कळ येतील. पण ‘कान्सादो’ हा शब्द येईल तेथे तेथे थांबून हा शीण की उबग, असे विचारणे त्याला चुकणार नाही.

त्याची शेवटची कसोटी ग्रंथाच्या अखेरच्या परिच्छेदात आहे. बेनेन्गेली आपली लेखणी तारेला टांगून ठेवतो आणि तिच्याकरवी बजावतो की, १६१४ साली खोटा दुसरा भाग लिहिणाऱ्या त्या आवेयानेदाने किहोतेची हाडे थडग्यातून उकरू नयेत, त्यांना तेथे विसावू द्यावे. त्या हाडांना दोन विशेषणे लावली आहेत. एक ‘कुजलेली’. दुसरे ‘कान्सादोस’. येथे मराठी भाषांतरकाराला निवड करण्याची मुभा उरत नाही. हाडांना उबग येत नाही. हाडे शिणतात.